कुणी हात लावला नाही, तरी क्लाउडचं बिल वाढलं

क्लाउड किंवा डेव्हऑप्सच्या कामावर नव्याने लागलात की पहिल्याच आठवड्यात बिल बघायची परवानगी मागून घ्या. काही बदलायची नको, नुसती बघायची. टीमकडची आर्किटेक्चरची चित्रं बहुधा जुनी झालेली असतात. खरोखर काय चालू आहे, ते बिलातच कळतं.

मी ज्या कंपनीत होतो तिथे मार्च २०२४ चं बिल अचानक फुगलं. नवीन काही डिप्लॉय झालं नव्हतं, ट्रॅफिकही तेवढंच. आमचं सगळं एडब्ल्यूएसवर, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडवर होतं. त्यातल्या कॉस्ट एक्सप्लोरर या खर्च दाखवणाऱ्या पानावर सर्व्हिसनुसार पाहिलं तर आरडीएसचा (डेटाबेस चालवून देणाऱ्या सेवेचा) खर्च वाढलाय, एवढंच दिसत होतं. ‘ग्रुप बाय’मध्ये युसेज टाइप (नेमके कशाचे पैसे लागले ते) निवडल्यावर एक अनोळखी ओळ वर आली: एक्स्टेंडेड सपोर्ट.

झालं होतं असं. आरडीएसवर मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ५.७ व्हर्जनचा नेहमीचा सपोर्ट २९ फेब्रुवारी २०२४ ला संपला. ज्यांनी अपग्रेड केलं नाही त्यांचे डेटाबेस १ मार्चपासून आपोआप सशुल्क ‘एक्स्टेंडेड सपोर्ट’मध्ये गेले. सूचना आधी आली होती, पण ती ज्या मेलबॉक्समध्ये पडली तो कुणी उघडतच नव्हतं. (तुमच्या खात्याच्या सूचना कुणाला जातात, हे आजच विचारा.) हे शुल्क व्हीसीपीयूवर (मशीनच्या व्हर्च्युअल प्रोसेसरवर) लागतं. व्हर्जिनिया रीजनमध्ये पहिली दोन वर्षं दर व्हीसीपीयूला तासाला १० सेंट, तिसऱ्या वर्षी दुप्पट. टी३ मायक्रो हा अगदी छोटा डेटाबेस, पण त्यालाही दोन व्हीसीपीयू असतात. म्हणजे महिन्याला साधारण १४६ डॉलर नुसत्या सपोर्टचे. मशीनचं स्वतःचं भाडं जेमतेम साडेबारा डॉलर!

त्यातले बरेच डेटाबेस कुणी वापरतही नव्हतं. क्लाउडवॉच या देखरेखीच्या सेवेत ‘डेटाबेस कनेक्शन्स’चा आलेख महिनोन् महिने शून्यावर, आणि ओनरच्या टॅगमध्ये कधीच कंपनी सोडून गेलेल्याचं नाव. अशा वेळी ‘हा कुणाचा आहे?’ असं ग्रुपवर विचारून फारसं हाती लागत नाही; ‘असू दे, लागेल कधीतरी’ हेच उत्तर येतं. ‘अमुक तारखेला बंद करतोय’ असं लिहिलं की खरा मालक लगेच उगवतो. मात्र थांबवलेला आरडीएस सात दिवसांनी आपोआप पुन्हा सुरू होतो, आणि थांबलेला असतानाही स्टोरेजचे पैसे लागतच असतात. ‘स्टॉप’ दाबून विसरलात तर पुढच्या बिलात तो परत हजर.

जे डेटाबेस ठेवायचे होते त्यांच्या अपग्रेडला वेळ लागला. ‘रँक’ आणि ‘ग्रुप्स’ हे शब्द मायएसक्यूएल ८.० मध्ये राखीव झालेत; त्या नावांचे कॉलम असतील तर जुन्या क्वेरी फुटतात. आधी स्नॅपशॉटवरून (डेटाबेसच्या साठवलेल्या प्रतीवरून) एक कॉपी उभी करून तिच्यावर अपग्रेड चालवा आणि प्रीचेकचा, म्हणजे अपग्रेडआधीच्या तपासणीचा, लॉग नीट वाचा. नवख्याला शिकायला याहून चांगलं काम नाही, असं माझं मत. आता ८.० चीही तीच गत आहे: मूळ मायएसक्यूएलचा सपोर्ट एप्रिल २०२६ पर्यंतचाच.

बाकी खर्च किरकोळ वाटतो, पण साचतो. ईसी२ (भाड्याचा सर्व्हर) थांबवला तरी त्याची ईबीएस डिस्क पैसे खाते. १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ पत्त्याला (इंटरनेटवरून दिसणाऱ्या आयपी पत्त्याला) तासाला अर्धा सेंट पडतो, तो वापरात असो वा नसो. नॅट गेटवेमधून (खासगी नेटवर्कमधल्या सर्व्हरना इंटरनेटवर जाऊ देणाऱ्या वाटेतून) एक बाइटही गेला नाही तरी तासाचं भाडं चालू. क्लाउडवॉचचे लॉग मुदत घातल्याशिवाय कधीच जात नाहीत. एस३ या फाइल साठवायच्या सेवेतले अर्धवट राहिलेले मल्टिपार्ट अपलोड (तुकड्यातुकड्यांनी चढवलेल्या मोठ्या फाइल) तर नेहमीच्या यादीत दिसतही नाहीत. त्यांना लाइफसायकल रूल (ठरावीक दिवसांनी आपोआप पुसण्याचा नियम) लावून ठेवावा.

स्वतःच्या खात्यावर शिकत असाल तर पहिला सर्व्हर उभा करण्याआधी बजेट अलर्ट लावा. पण साध्या अलर्टने खर्च थांबत नाही, फक्त मेल येतो, तोही काही तासांनी. वर १८ टक्के जीएसटी असतोच. आणि जुना डेटाबेस उडवण्याआधी शेवटचा स्नॅपशॉट घेतलात, तर त्याच्या नावातच व्हर्जन लिहून ठेवा. उद्या कुणी तो ५.७ वरच रिस्टोर केला आणि एक्स्टेंडेड सपोर्टचा पर्याय बंद केला नाही, तर तेच शुल्क पुन्हा सुरू होतं.