मराठवाड्यात राहून नैराश्यावर संशोधन कसे करावे

नैराश्यावर पीएच.डी. करायची आहे असे सांगत दरवर्षी काही विद्यार्थी माझ्याकडे येतात आणि बहुतेकांचा विषय आधीच ठरलेला असतो. ग्रामीण व शहरी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या नैराश्याचा तुलनात्मक अभ्यास, इकडचे शंभर आणि तिकडचे शंभर, एक प्रश्नावली आणि दोन गटांच्या सरासरींची तुलना करणारी एक टी-चाचणी. असे प्रबंध आपल्या ग्रंथालयांत पुष्कळ आहेत, आणखी एकाची गरज नाही. गरज आहे ती आपल्या जिल्ह्यांतील माणसे नैराश्य कोणत्या शब्दांत सांगतात, ते अचूक कसे मोजायचे आणि त्यावर येथे कोणते उपचार चालतील, हे शोधणाऱ्यांची. निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्ये होती आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. त्या सर्वेक्षणातील नैराश्याचे २.७ टक्के हे प्रमाण आपण सर्रास उद्धृत करतो, पण त्यात परभणी किंवा हिंगोलीतील एकही घर मोजलेले नाही, हे प्रस्तावाचे पहिले पान लिहितानाच ध्यानात असू द्यावे.

पदव्यांबाबत एक गोंधळ आधी दूर करतो. मानसशास्त्रात एम.ए. केल्याने कोणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक आजारांचे मूल्यमापन व मानसोपचार करणारा मानसशास्त्रज्ञ, होत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि परिषदेकडील नोंदणी लागते. आजवर हा मार्ग मुख्यतः दोन वर्षांच्या एम.फिल.चा होता आणि त्यासाठी बंगळुरूचे निम्हान्स किंवा रांचीची केंद्रीय मनश्चिकित्सा संस्था अशा ठिकाणी जाण्याची तयारी ठेवावी लागे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर या अभ्यासक्रमांची रचना बदलत आहे, म्हणून शुल्क भरण्यापूर्वी संबंधित संस्थेची त्या वर्षीची मान्यता परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतः तपासावी. सहायक प्राध्यापक होण्यासाठी मात्र पदव्युत्तर पदवी आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा किंवा पीएच.डी. लागते. संशोधन व अध्यापन दोन्ही करायचे असेल, तर नोंदणी आणि पीएच.डी. या दोन्हींचा विचार विशीतच करावा. रुग्णासमोर बसण्याचे प्रशिक्षण ज्याला मिळाले आहे त्याचे संशोधनातील प्रश्नच वेगळे असतात, असा माझा अनुभव आहे.

पीएच.डी. प्रवेशासाठी आता नेटचे गुण धरले जातात आणि त्यांना ७०, तर मुलाखतीला ३० टक्के भार असतो. नेटमधून मिळणारी जेआरएफ ही संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाल्यास पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये मिळतात. ती न मिळाल्यास आपापल्या प्रवर्गानुसार बार्टी, सारथी किंवा महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीची जाहिरात चुकवू नये. पदवीनंतर काही वर्षे तासिका तत्त्वावर शिकवावे लागेल, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे. मार्गदर्शक निवडताना त्यांच्या किती विद्यार्थ्यांना पदवी मिळाली हे विचारण्याऐवजी त्यांच्या विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष रुग्ण पाहिले का, हे विचारावे.

आता मुख्य कामाकडे येतो. नैराश्य मोजण्यासाठी आपल्याकडे खूप वापरली जाणारी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात नऊ प्रश्न, ० ते २७ गुण आणि १० किंवा अधिक गुणांवर पुढील तपासणीची शिफारस असते. ती विनामूल्य वापरता येते, तर बेक यांच्या २१ प्रश्नांच्या प्रश्नावलीसाठी प्रकाशकाची परवानगी व पैसे लागतात. जालना जिल्ह्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात, कापूस वेचणीच्या दिवसांत, पन्नाशीच्या एका बाईंना मी पीएचक्यूचा पहिला प्रश्न वाचून दाखवला होता, की गेल्या दोन आठवड्यांत कामे करण्यात रस किंवा आनंद कमी वाटला का. बोंडांनी चिरलेल्या बोटांकडे बघत त्या म्हणाल्या, "वेचणीत आनंद कशाचा आला सर? रोजानं जायाचं अन् यायाचं." मी नियमाप्रमाणे शून्यावर खूण केली. उठता उठता सहज विचारले, "मावशी, घरी करमतं का?" त्या थांबल्या आणि मग हळू आवाजात बोलू लागल्या, "करमंना बगा. नातू आला तरी उठून बसू वाटंना. भाकर गोड लागंना." रस आणि आनंद या शब्दांना जे उघडता आले नाही ते एका "करमतं का" ने उघडले. त्या दिवशीचा माझा शून्य चुकीचा होता आणि असे किती शून्य आपण तक्त्यात भरले असतील, या विचाराने मी पुढचे काम थांबवले.

म्हणून पहिले सहा महिने मोजमापाच्या भाषेवर घालवावेत. एक वही करून तीत लोकांचे शब्द त्यांच्याच उच्चारांत लिहावेत. जीव लागंना, हातपाय गळून गेले, डोस्क्यात इचार फिरत्यात, छातीत धडधड होती. पुष्कळ जण मनाचे दुःख अंगदुखीच्या रूपाने डॉक्टरांपुढे मांडतात, तेही त्यात यावे. त्यानंतर दोन स्वतंत्र भाषांतरे, मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या व्यक्तीकडून मराठीचे पुन्हा इंग्रजीत उलट भाषांतर, आणि मग दहा-पंधरा जणांना एकेक प्रश्न वाचून दाखवून "यावरून तुम्हाला काय समजलं?" असे विचारणे, हा क्रम ठेवावा. शेवटी त्याच लोकांची निदानाची मुलाखत मनोविकारतज्ज्ञांकडून घ्यावी. ती घेणाऱ्याला प्रश्नावलीचे गुण माहीत नसावेत. या तुलनेतूनच १० हा उंबरठा आपल्याकडे योग्य आहे का, हे ठरेल. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर आणि अंबाजोगाई येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथील मनोविकार विभागाशी लेखी सहकार्य ठरवल्याशिवाय हा टप्पा पार पडत नाही.

नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तो गाळण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. विचारल्याने असे विचार डोक्यात शिरतात ही भीती निराधार आहे. मात्र उत्तर होकारार्थी आले तर त्याच बैठकीत पुढे काय करायचे, हे अभ्यास सुरू होण्यापूर्वी कागदावर हवे. विचार कधीपासून आहे, काही ठरवले आहे का, घरात फवारणीचे औषध कुठे ठेवलेले असते, हे शांतपणे विचारावे. त्या व्यक्तीला एकटे सोडू नये, तिला सांगून घरातील विश्वासाच्या माणसाला बोलवावे, त्याच दिवशी डॉक्टरांची भेट घडवावी आणि टेलिमानस या शासकीय मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक लिहून द्यावा. अशा वेळी घरच्यांना व डॉक्टरांना सांगावे लागेल, ही गोपनीयतेची मर्यादा संमतिपत्रात सोप्या मराठीत आधीच नमूद असावी.

आराखड्याचे वेळापत्रक विद्यापीठाच्या सत्रांवर नव्हे, तर हंगामावर बेतावे. बीड जिल्ह्यात ऑगस्टमध्ये भेटलेली शंभर माणसे सहा महिन्यांनी पुन्हा भेटतील असे गृहीत धरलेत, तर फेब्रुवारीत अर्ध्या घरांना कुलूप दिसेल. दिवाळीच्या आसपास उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेले कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या जोड्या, मुकादमाबरोबर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलेले असतात आणि गळीत संपल्यावरच परततात. जे गावात उरतात त्यांच्यावरून काढलेला निष्कर्ष गेलेल्यांना लागू होत नाही. एकतर दोन्ही भेटी पावसाळ्यात ठेवाव्यात किंवा ऊसतोडीच्या तळावर जाऊन भेटण्याचा खर्च प्रस्तावात मागावा. लातूरच्या शिकवणी वर्गांतील मुलांवर काम करायचे असेल, तर अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती आणि मुलाची स्वतःची तयारी दोन्ही लागतात. पालक शंभर किलोमीटरवर असतात, म्हणून वसतिगृहाच्या व्यवस्थापकाची सही घेऊन भागवले जाते. हे मला मान्य नाही.

शेतकरी आत्महत्या हा विषय निवडणाऱ्यांनी एक पथ्य पाळावे. कर्ज, नापिकी, दारू, आजारपण आणि नैराश्य यांचा संबंध गुंतागुंतीचा आहे. एका वेळी भरलेल्या प्रश्नावलीवरून कोणते कशाचे कारण, हे सांगता येत नाही. सहसंबंधाला कारण म्हणणे ही येथे केवळ संख्याशास्त्रीय चूक राहत नाही, कारण त्या वाक्यावरून एखाद्या कुटुंबाच्या मदतीच्या अर्जाकडे पाहिले जाते. संख्याशास्त्रासाठी आर किंवा जामोवी ही विनामूल्य साधने पुरेशी आहेत.

उपचारांवर काम करणाऱ्यांनी गोव्यातील प्रयोग बारकाईने वाचावा. तेथे प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसोपचाराची पूर्वपीठिका नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत नैराश्याच्या रुग्णांना पुन्हा कामाला, माणसांत मिसळण्याला लावले आणि त्याचा लाभ झाल्याचे २०१७ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडे ही भूमिका आशाताईंना देता येईल का, त्यांच्यावरील कामाच्या ओझ्यात ती बसेल का, हा पीएच.डी.ला पुरून उरणारा प्रश्न आहे. असा प्रयोग असल्यास नैतिकता समितीच्या मंजुरीनंतर आणि पहिला सहभागी घेण्यापूर्वी भारतीय चिकित्सा चाचणी नोंदवहीत त्याची नोंद करावी. मागाहून केलेली नोंदणी तेथे स्वीकारली जात नाही.

निबंध प्रसिद्ध करताना पैसे भरताच आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकांपासून दूर राहावे. निष्कर्षांचे एक पान मराठीत लिहून ते ज्या आरोग्य केंद्रात माहिती गोळा केली तेथील वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि आशाताईंना वाचून दाखवावे. त्यांच्या दुरुस्त्या वहीत टिपून घ्याव्यात आणि अंतिम मसुदा त्यानंतरच पाठवावा.