सुट्टीवर निघताना पोपटाची सोय

पोपटाला वाटीत चार दिवसांचे दाणे भरून ठेवून गावाला जाऊ नका. पाण्यात दाणे आणि विष्ठा पडते, एका दिवसात ते खराब होतं. त्याला रोज बघणारं माणूस हवंच.

शक्यतो त्याला त्याच्याच पिंजऱ्यात, त्याच्याच घरी राहू द्या. सांभाळणाऱ्या व्यक्तीला आठवडाभर आधी दोन-तीनदा बोलवा आणि तुमच्यासमोर खाऊ घालायला सांगा. अनोळखी हाताला पोपट बिचकतो, कधीकधी खाणंच सोडतो. दुसरे पक्षी असलेल्या घरी ठेवणार असाल, तर ते निरोगी आहेत ना, हे नीट विचारून घ्या. संसर्ग पटकन पसरतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पोपट आजार लपवतो. म्हणून त्याचं नेहमीचं वजन ग्रॅममध्ये लिहून ठेवा आणि नेहमीच्या विष्ठेचा फोटो द्या, म्हणजे फरक लगेच कळेल. पिसं फुगवून तळाशी बसला, बसल्या जागी शेपूट हलवत श्वास घेऊ लागला किंवा दिवसभर काही खाल्लं नाही, तर वाट न बघता डॉक्टरकडे न्यायचं, हे स्पष्ट सांगा. पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरचा नंबर पिंजऱ्याजवळच चिकटवा.

अॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी अजिबात नको. नॉनस्टिक भांडं जास्त तापलं तर त्याच्या धुराने पोपट काही मिनिटांत दगावू शकतो, हेही आवर्जून सांगा. रात्री दहा-बारा तास शांत अंधार हवा. आणि पिंजऱ्याची कडी पक्की आहे ना, ते निघण्यापूर्वी स्वतः तपासा.