टिप्पर गर्डरला आपटला तर: उड्डाणपुलाची दुरुस्ती

हौदा खाली करायला विसरलेला टिप्पर किंवा लो-बेडवर चढवलेला एक्सकॅव्हेटर, गर्डरला (पुलाचा भार पेलणाऱ्या आडव्या तुळईला) मार बसतो तो बहुधा यांचाच. दिसायला फक्त कोपरा फुटलेला असतो. पण भगदाड बुजवण्याची घाई केली की खरा बिघाड आतच गाडला जातो.

आधी खालची लेन बंद करा आणि वरची वाहतूक मार लागलेल्या गर्डरवरून बाजूला घ्या. मग हातोडीने गर्डरभर ठोकून पाहा: घट्ट काँक्रीट ठणठण वाजते, सुटलेले ढबढब. पोकळ भाग खडूने आखा. धक्का आडवा असतो, म्हणून बेअरिंग (गर्डर ज्यावर टेकतो ती गादी) सरकले का, डायफ्रामच्या (गर्डरांना जोडणाऱ्या आडव्या भिंतीच्या) सांध्यात आणि वेबच्या (गर्डरच्या उभ्या भागाच्या) माथ्याशी चिरा आहेत का हेही बघा. मार लागलेल्या जागेपेक्षा तिथेच जास्त सापडते.

पीएससी गर्डरच्या (ताणलेल्या तारांनी दाबात ठेवलेल्या काँक्रीट गर्डरच्या) खालच्या फ्लँजमध्ये (रुंद पट्ट्यात) या तारांची केबल असते. शीथ (केबलभोवतीची नळी) फाटून तारा दिसत असतील तर काम थांबवून डिझायनरला बोलवा. ताणातल्या तारेजवळ वेल्डिंग किंवा गॅस कटर अजिबात नको. उष्णतेने तारेची ताकद जाते. तुटलेल्या तारा मोजून नोंदवा. गर्डर वाचवायचा की बदलायचा, ते त्या आकड्यावर आणि उरलेल्या ताकदीच्या हिशेबावर ठरते.

केबल शाबूत असेल तर पॅचची (भरायच्या जागेची) कड कटरने सरळ, १० ते १५ मिमी खोल कापा. पातळ धारेने संपवलेला पॅच हमखास सुटतो. सुटे काँक्रीट हलक्या ब्रेकरने काढा. जड ब्रेकर चांगल्या भागातही केसासारख्या चिरा पाडतो. सळईमागे साधारण २० मिमी मोकळे करा आणि गंज वायर ब्रशने पांढऱ्या लोखंडापर्यंत घासा. गोव्यात झुआरी-मांडवीच्या खाऱ्या वाऱ्यात उघडी सळई लगेच तांबडी होते, म्हणून घासणे आणि भरणे एकाच पाळीत उरका.

आता ती पायरी, जी सर्रास गाळली जाते. पॅच भरण्याआधी डिझायनरने काढून दिलेल्या वजनाचे भरलेले ट्रक त्या गर्डरवर उभे करा आणि मसाल्याला ठरलेली ताकद येईपर्यंत हलवू नका. ट्रक निघाले की गर्डर किंचित वर उचलतो आणि पॅचवर दाब बसतो. एरवी वाहतूक सुरू होताच पॅच ताणात येऊन कडेला चिरतो.

पृष्ठभाग ओला करा, वर पाणी साचू देऊ नका. उथळ भागाला पॉलिमर मॉर्टर, खोल भागाला साच्यात मायक्रोकाँक्रीट. पाणी पिशवीवर लिहिलेलेच घाला. मसाला वाहत नाही म्हणून मिस्त्री मगभर वाढवतो आणि पॅच आकसून भेगाळतो. क्युरिंग सात दिवस. चिरांत इपॉक्सी खालच्या निपलपासून (चिरेवर बसवलेल्या छोट्या नळीपासून) भरा, वरच्या निपलमधून बाहेर आले की पुढे सरका. मजबुतीसाठी वरून कार्बन फायबर चिकटवायचे असेल तर कोपरे गोल करा आणि काँक्रीट पुरते सुकू द्या. म्हणून हे काम गोव्यात पावसाळ्यानंतरच धरावे.

शेवटी प्रत्येक लेनमध्ये गर्डरखाली स्टाफ (उभी मोजपट्टी) लावून उंची मोजा. ५.५ मीटर नकाशात असतात. डांबराचे दोन थर चढले की खाली तेवढे उरत नाहीत, फलकावर मात्र जुनाच आकडा राहतो. तो बदला, आणि हाइट गेज (उंच गाडी आधीच अडवणारी कमान) पुलाला चिकटून नको, ट्रकला वळून परत जाता येईल इतका अलीकडे उभारा.