या चुका टाळा: पेन्सिलच्या निसर्गचित्रातली गूढता कुठे हरवते?

धुकं, निष्पर्ण ओक, पडका मठ असं सगळं काढूनही रोमँटिक वळणाचं (प्रेमाचं नव्हे, निसर्गातली भव्यता आणि गूढता दाखवणाऱ्या चित्रपरंपरेतलं) निसर्गचित्र अनेकदा नुसतं काळपट दिसतं. कारण बहुतेक वेळा एकच असतं: कागदावर गरजेपेक्षा जास्त भरलेलं असतं.

कास्पार डेव्हिड फ्रीडरिश या जर्मन चित्रकाराचं ‘समुद्रकाठचा साधू’ (१८०८–१०) नीट पाहा. चार-पंचमांशाहून जास्त भाग नुसतं आकाश. अवरक्त किरणांच्या तपासणीत रंगाखाली जहाजं सापडली, म्हणजे ती योजून नंतर त्याने गाळली. तेव्हा रिकामं आकाश भरायला हात शिवशिवला की पेन्सिल खाली ठेवा.

आडव्या ए-फोर कागदाची उंची २१ सेंमी. क्षितिज दहा-अकरा सेंमीवर घेतलं की आकाश आणि जमीन सारखीच वजनदार होतात, चित्र थिजतं. ते खालून ४-५ सेंमीवर आणा. आधी काडेपेटीएवढ्या चौकटीत तीन कच्च्या मांडण्या करा, फक्त पांढरा, राखाडी आणि गडद वापरून. इथे न जमलेली मांडणी पुढे तपशिलाने सुधारत नाही.

सर्वांत जास्त बिघडतं ते धुकं. डोंगराची रेषा पायथ्यापर्यंत ओढायची आणि मग बोटाने पुसायची, ही सवय सोडाच. बोटाचं तेल कागदात मुरतं. तो डाग रबराने जात नाही आणि त्यावर पुढचा थरही नीट बसत नाही. दरीत साचलेलं धुकं पायथा झाकतं, माथा नव्हे. म्हणून लांबच्या डोंगराच्या माथ्याची कड २एचने, म्हणजे कडक आणि फिकट उमटणाऱ्या पेन्सिलने, स्पष्ट ठेवा, खाली येताना हात हलका करत न्या आणि निम्म्या उतारावर पेन्सिल उचला. पायथा काढूच नका. अलीकडचा डोंगर तसाच, पण एचबी या मध्यम पेन्सिलने. मधला कोरा कागद म्हणजेच धुकं. छटा जड झाली तर नीडेबल इरेजर (कणकेसारखं मळता येणारं मऊ रबर) मळून टेकवा आणि उचला, घासू नका.

गडद जागा एकच ठेवा, शक्यतो अग्रभागात. ६बी ही खूप मऊ, गडद पेन्सिल (बी आधीचा आकडा जितका मोठा तितकी मऊ) दाबून घासली की ग्रेफाइट चमकतं आणि काळोखाऐवजी पत्रा दिसतो. २बीचे हलके तिरके थर एकावर एक द्या, शेवटी ४बी. त्याखाली २एच जोरात दाबलेली नसावी. कागदाचा दाणा, म्हणजे पृष्ठभागाचा खरखरीतपणा, चपटा झाला की मऊ पेन्सिल नुसती घसरते.

आणि माणूस. चेहरा समोर आला की नजर तिथेच अडकते, म्हणून पाठमोरा काढा. फ्रीडरिशचीही तीच पद्धत. ए-फोरवर दीड-दोन सेंमी उंची पुरे. त्याचं डोकं नेमकं क्षितिजरेषेला टेकलं तर तो खुंटीला टांगल्यासारखा दिसतो. डोकं एक तर रेषेच्या खाली ठेवा, त्या साधूचं आहे तसं, नाहीतर चांगलं वर आकाशात येऊ द्या.