जुना प्रीअँप घेताय? आधी त्याची पाठ बघा

जळगाव-धुळ्याकडे जुन्या हायफायचा नाद असलेली माणसं वाटतात त्यापेक्षा जास्त आहेत. कुणाकडे वडिलांच्या वेळचा रेकॉर्ड प्लेअर आहे, कुणाच्या कपाटात बालगंधर्वांच्या तबकड्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेल्या आहेत. स्पीकरना ताकद देणारा पॉवर अँप मिळतो, स्पीकर मिळतात, आणि गाडी प्रीअँपपाशी, म्हणजे प्लेअर आणि पॉवर अँप यांच्या मधल्या डब्यापाशी, येऊन अडते. मग रात्र-रात्र फोटो बघणं सुरू होतं: सोनेरी पट्टी, जाड नॉब, निळे मीटर. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा आधी दात आणि खूर बघतो, झूल नंतर. इथेही पुढची पट्टी शेवटी बघायची. घ्यायचं की नाही, हे मशीनच्या पाठीवर आणि पोटात ठरतं.

पायरी १: नेमकं काय ऐकणार, ते ठरवा

प्रीअँपची कामं तीन. अनेक यंत्रांतून एक निवडणं, आवाज कमी-जास्त करणं, आणि तबकडीवरून येणारा अगदी क्षीण सिग्नल मोठा करून सरळ करणं. यातलं तिसरं काम अवघड. साध्या मूव्हिंग मॅग्नेट पिकअपमधून (सुई बसवलेल्या भागातून) जेमतेम काही मिलिव्होल्ट निघतात. ते सुमारे शंभर पट वाढवायचे, शिवाय रेकॉर्ड कापताना दाबलेला खर्ज परत वर आणायचा आणि चढवलेले वरचे सूर खाली घ्यायचे. जुन्या नामवंत प्रीअँपची खरी कमाई या फोनो विभागात आहे.

म्हणून तुमच्याकडे तबकड्या नसतील, फक्त सीडी आणि मोबाइल असेल, तर थोडं थांबा. सीडी प्लेअर २ व्होल्ट देतो, आणि बहुतेक पॉवर अँपना पूर्ण ताकद द्यायला दीड-दोन व्होल्ट पुरतात. सिग्नल वाढवायची गरजच नाही. जुन्या प्रीअँपची रचना पाव व्होल्टाहूनही लहान सिग्नल गृहीत धरून झालेली असते. त्यामुळे सीडी लावली की नॉब जरासा सरकवताच घर दणाणतं, आणि नॉबच्या त्या सुरुवातीच्या टप्प्यात डावं-उजवं सारखं वाजत नाही. यावर उपाय आहे: मध्ये अटेन्युएटर, म्हणजे सिग्नल कमी करणारा जोड, लावा. पण फक्त सीडीसाठी जुना महागडा प्रीअँप घेणं हा मला तरी दिखाऊ खर्च वाटतो.

घरात ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या) तबकड्या असतील तर मात्र शोध वेगळ्या दिशेने करा. रेकॉर्ड कापताना खर्ज किती दाबायचा आणि वरचे सूर किती चढवायचे याचं एकच माप, म्हणजे आरआयएए, १९५४च्या सुमारास ठरलं, त्याआधीच्या तबकड्या वेगवेगळ्या हिशेबाने कापलेल्या आहेत. १९५८च्या मरांट्झ मॉडेल ७वर ‘ओल्ड ७८’ आणि कोलंबियाच्या जुन्या एलपीसाठी वेगळे खटके आहेत. पन्नाशी-साठीतल्या इतरही काही प्रीअँपवर अशी सोय असते. सत्तरीनंतर ती जवळजवळ गायब झाली. दुसरी गोष्ट म्हणजे मोनो स्विच. साठीतल्या आपल्याकडच्या बहुतेक तबकड्या मोनो आहेत. स्टिरिओ पिकअपने त्या वाजवताना मोनो दाबलं की खरखरीचा मोठा हिस्सा निघून जातो, कारण सुईच्या वर-खाली हलण्यातून येणारा आवाज दोन बाजूंनी एकमेकांना खातो. ७८ला सुईही जाड लागते. ते काम पिकअपचं, प्रीअँपचं नाही, पण बजेट एकच असतं म्हणून सांगितलं.

पायरी २: मागची बाजू

विकणाऱ्याला पहिला प्रश्न किमतीचा विचारू नका. म्हणा, “भाऊ, मागून एक फोटो टाका ना, व्होल्टेजचं लेबल वाचता येईल असा.” जो टाळाटाळ करेल, त्याला सोडून द्या.

लेबलवर काय असू शकतं? १००, ११७ किंवा १२०, नाहीतर २२०-२४०. जपानच्या घरगुती बाजारातली मशीनं १०० व्होल्टची असतात. आपल्याकडे लोक सरसकट ‘एकशे दहाचा ट्रान्सफॉर्मर’ लावतात, आणि घोळ तिथे होतो. शेतीपंप सुरू असताना व्होल्टेज खाली जातं, पंप बंद झाले की वर उसळतं. लाइनला २५० आले की ११०चे जवळपास १२० होतात. शंभराच्या मशीनला ते वीस टक्के जास्त. आतला ट्रान्सफॉर्मर तापतो, रेग्युलेटर तापतात, कंडेन्सर फुगतात. जपानी मशीनला २३०वरून नेमके १०० देणारा ट्रान्सफॉर्मर बांधून घ्या. प्रीअँप फार वीज खात नाही, त्यामुळे २०० व्हीएचा पुष्कळ झाला. दोन वेगळ्या वाइंडिंगचा सांगा. ऑटो ट्रान्सफॉर्मर स्वस्त पडतो, पण त्यात मशीन मेन्सपासून वेगळं होत नाही.

अमेरिकेतून कुणी आणलेलं मशीन असेल तर ‘६० हर्ट्झ’ एवढंच लिहिलंय की ‘५०/६०’, ते बघा. नुसत्या ६०साठी बांधलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो, आणि मेमध्ये तर त्याची परीक्षाच. आखाती देशांतून ऐंशीच्या दशकात आलेला माल २२०-२४०चा असतो. त्याला ही भानगड नाही. काही मशीनना मागेच व्होल्टेज बदलायचा खटका असतो. तो आधीच्या मालकाने कुठे ठेवलाय हे लावण्यापूर्वी बघा.

मग सॉकेटं बघा. क्वाड ३३ (१९६७) दिसायला छोटा, देखणा आणि आपल्याकडे कधीमधी मिळणारा. पण त्याच्या पाठीवर नेहमीची एका पिनेची आरसीए सॉकेटं नाहीत, अनेक पिनांची गोल डिन सॉकेटं आहेत, आणि त्याचं आउटपुट त्याच्याच ३०३ पॉवर अँपसाठी, अर्धा व्होल्ट धरून ठरवलेलं आहे. जोडी मिळाली तर उत्तम, एकटा घेतला तर जोडायची लीड (वायर) बनवत बसावं लागेल. मार्क लेव्हिन्सनच्या सत्तरीतल्या काही मॉडेलना कॅमॅक नावाची बारीक सॉकेटं आहेत. त्यांच्या पिना इथे कुठल्याच दुकानात मिळणार नाहीत, म्हणून लीडसकटच घ्या. नेम (Naim) कंपनीचे बरेच प्रीअँप तर स्वतःची वीज स्वतः घेतच नाहीत. ती नेमच्याच पॉवर अँपमधून किंवा वेगळ्या सप्लायमधून येते. एकटा डबा स्वस्तात मिळाला म्हणून आनंदाने घरी आणाल, आणि तो चालूच होणार नाही.

पायरी ३: पॉवर अँपशी पटतं का?

इथे एकच आकडेमोड आहे, पण ती करा. पॉवर अँपचा इनपुट इम्पीडन्स (सिग्नलला होणारा अडथळा, ओममध्ये मोजतात) प्रीअँपच्या आउटपुट इम्पीडन्सच्या निदान दहापट हवा. ट्रान्झिस्टरच्या प्रीअँपला सहसा अडचण येत नाही. व्हॉल्व्हच्या, म्हणजे जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांच्या, प्रीअँपला येते.

कारण असं. व्हॉल्व्ह प्रीअँपच्या शेवटी एक कपलिंग कंडेन्सर असतो, तो डीसी अडवतो आणि सिग्नल पुढे जाऊ देतो. समजा तो ०.४७ मायक्रोफॅरडचा आहे. पुढे जुना व्हॉल्व्ह पॉवर अँप असेल, १०० किलो-ओमचा, तर खर्ज साडेतीन हर्ट्झच्या आसपास कापला जातो, म्हणजे कानाला कळतही नाही. तोच प्रीअँप हल्लीच्या १० किलो-ओमच्या क्लास डी अँपला जोडलात तर ३४ हर्ट्झलाच तीन डेसिबल गेले. तबल्याचा डग्गा पोकळ वाटायला लागतो, आणि लोक नवे व्हॉल्व्ह शोधत हिंडतात. दोष व्हॉल्व्हचा नसतो.

पायरी ४: झाकण उघडून बघा

पुढचा फोटो आतला मागा. शक्य असेल तर फोटोवर न थांबता स्वतः जा. जळगाव, भुसावळ, चाळीसगाव मुंबईच्या लोहमार्गावर आहेत, सुरतेलाही गाडी आहे. रात्री निघून सकाळी माल बघता येतो, आणि येताना मांडीवर घेऊन येता येतं. कुरियरमध्ये जड ट्रान्सफॉर्मर पत्र्यावरून उखडतो आणि शेजारचा बोर्ड फोडतो. परदेशातून थेट मागवायचा विचार असेल तर जुन्या वस्तूंच्या आयातीवरचे निर्बंध आणि ड्यूटी आधी समजून घ्या. माझं मत विचाराल तर देशात आधीच आलेला नग शोधावा.

झाकण काढल्यावर काय बघायचं: कंडेन्सरचं डोकं सपाट आहे की फुगलंय, बुडाशी तपकिरी चिकट डाग आहे का, बोर्ड कुठे काळवंडलाय का. मोठ्या रेझिस्टरखाली थोडा रंग बदललेला चालतो, कोळसा झालेला नाही. पालीची विष्ठा आणि मुंग्यांचं वारूळ आपल्याकडच्या मशीनमध्ये सापडतंच. घाबरू नका, पण त्याखालची तांब्याची रेघ हिरवी पडली असेल तर भाव पाडून मागा. मरांट्झ ७ आणि डायनाकोच्या ‘पास’ (PAS) मॉडेलमध्ये एसीचं डीसी करणारे सेलेनियमचे रेक्टिफायर असतात, चौकोनी पत्र्यांची चळत दिसते ती. ते म्हातारे होतात, व्होल्टेज कमी द्यायला लागतात, आणि जळाले तर घाणेरडा, विषारी धूर सोडतात. बदलूनच घ्यायचे.

आता मुख्य प्रश्न: हे मशीन दुरुस्त कोण करणार? कंडेन्सर, रेझिस्टर, रिले ही नेहमीची कामं आहेत. गावातला हात बसलेला मेकॅनिक ती करतो, सामान मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून येतं. मरांट्झ ७ किंवा मॅकिंटॉश सी२२ मध्ये प्रत्येकी सहा १२एएक्स७ व्हॉल्व्ह आहेत, आणि ते आजही नवे बनतात. याउलट काही मशीनमध्ये अख्खं सर्किट रेझिनमध्ये ओतून बंद केलेलं असतं. ते गेलं की नुसता डबा उरतो. सत्तर-ऐंशीच्या जपानी प्रीअँपमधले खास फेट ट्रान्झिस्टर आता बनत नाहीत, आणि त्या नंबरचा बनावट माल बाजारात भरपूर आहे. म्हणून मोठ्या नावाचा बंद डबा आणि लहान नावाचा उघडा, सुटे भाग लावलेला बोर्ड यांत मी दुसरा घेईन. आवाजात फार काही हरवत नाही, आणि मशीन चालू राहतं.

पायरी ५: मीटर आणि कान

जाताना मल्टीमीटर, हेडफोन आणि ओळखीच्या गाण्याची एखादी सीडी न्या. मशीन अर्धा तास चालू ठेवायला सांगा. मालक म्हणेल, “दादा, चालूच आहे की, वाजतंय बघा.” वाजू द्या. थंड मशीन सगळीच चांगली वाजतात.

आधी आउटपुटवर डीसी मोजा. काही मिलिव्होल्ट असेल तर ठीक, पन्नासच्या वर गेलं तर भाग खराब आहे, कारण तो डीसी पॉवर अँपमधून स्पीकरपर्यंत पोचू शकतो. मग गाणं बंद करून व्हॉल्यूम हळूहळू फिरवा. खरखर आली तर बहुतेक वेळा पॉटमधली (व्हॉल्यूम नॉबमागच्या भागातली) धूळ असते, कॉन्टॅक्ट क्लिनरने जाते. (गंज काढायचा घरगुती स्प्रे त्यात मारू नका, पॉटचा ट्रॅक जातो.) पण क्लिनर मारूनही खरखर तशीच राहिली तर बहुधा पॉटवर डीसी येतोय, म्हणजे पॉटच्या आधीचा कपलिंग कंडेन्सर गळतोय. हा फरक माहीत असला की मालकाच्या “जरा साफ केलं की झालं” याला उत्तर देता येतं.

प्रत्येक खटका चार-पाच वेळा दाबा, टेप मॉनिटर (टेपवरचा आवाज ऐकायचा खटका) विसरू नका. बराच काळ न वापरलेल्या टेप मॉनिटरमुळेच एका बाजूचा आवाज जातो आणि मशीन ‘बंद’ म्हणून स्वस्तात विकलं जातं. तसलं मिळालं तर ती तुमची कमाई. व्हॉल्व्ह असतील तर पेन्सिलने प्रत्येकावर हलकी टिचकी मारा. स्पीकरमधून घंटा वाजल्यासारखा आवाज आला तर तो व्हॉल्व्ह फोनोच्या जागी चालणार नाही. आत हात मात्र घालू नका. व्हॉल्व्ह प्रीअँपमध्ये अडीचशे-तीनशे व्होल्ट डीसी असतो, आणि पिन काढल्यावरही काही वेळ कंडेन्सरमध्ये तो टिकून राहतो.

भाव ठरवताना किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. ती नसेल तर खालच्या दर्जाचं मशीन बघा.

पायरी ६: घरी आणल्यावर

वर्षानुवर्षं बंद असलेलं मशीन थेट बोर्डात खुपसू नका. वायरमनकडे सिरीज बोर्ड असतो, त्यात ४० वॅटचा पिवळा बल्ब लावून मशीन त्यातून चालू करा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद करा. कुणाकडे डिमरस्टॅट असेल तर अजून बरं, व्होल्टेज सावकाश चढवता येतं.

घुंऽऽ आवाज आला तर प्रीअँपला दोष देण्याआधी अर्थिंग तपासा. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी ओतलं की पुष्कळ फरक पडतो.

मशीन काचेच्या शोकेसमध्ये ठेवू नका. आपल्याकडे मेमध्ये बाहेर ४५ अंश असतात, बंद शोकेसमध्ये व्हॉल्व्ह मशीनच्या आत किती होत असेल याचा विचार करा. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचं आयुष्य दर १० अंशाला साधारण निम्मं होतं. धुळीसाठी वर घातलेला क्रोशाचा रुमाल चालू करण्याआधी काढा.

चालू करताना प्रीअँप आधी, पॉवर अँप शेवटी. बंद करताना उलट. लाइट गेली की पहिल्यांदा उठून पॉवर अँपचा खटका बंद करा, कारण लाइट परत येताना प्रीअँपचा धक्का सरळ स्पीकरला बसतो. दोन्ही मशीन एकाच बोर्डावर, एकाच बटणावर ठेवण्याची सोय म्हणूनच टाळावी.

आणि मेकॅनिक जे जे भाग काढेल ते त्याच्याकडून मागून घ्या, एका पिशवीत घालून कुठला कुठून काढला ते चिठ्ठीवर लिहून ठेवा. पुढे मशीन विकायचं झालं तर जाणता गिऱ्हाईक पहिल्यांदा तीच पिशवी मागतो.