४५ ची रेकॉर्ड रडत वाजत होती, दोष रबरी चाकात निघाला

आबांचा सुटकेसवाला रेकॉर्ड प्लेअर जळगावच्या घरी माळ्यावरून काढला. सात इंची, ४५ आरपीएमची (मिनिटाला ४५ फेरे) रेकॉर्ड लावली की गाणं ओढल्यासारखं वाजायचं, सूर हेलकावायचा. मिनिटाचे फेरे मोजले तर ४१. थाळीच्या कडेला बोट टेकवलं की थाळी थांबायची, मोटर मात्र फिरतच.

सुई बदलली. मोटरीत तेल घातलं. टोनआर्मवर (सुईच्या दांड्यावर) नाणं ठेवलं, तर वेग आणखी पडला. दोन रविवार डोकं खाल्लं.

मोटरची पुली आणि थाळीची आतली कड यांच्यामध्ये एक रबरी चाक असतं. तेच थाळीला फिरवतं. ते कडक, चकचकीत झालं होतं, वर माझ्याच तेलाचे ओघळ, म्हणून घसरत होतं.

आधी प्लग काढला. मधल्या दांड्याची क्लिप काढून थाळी सरळ वर उचलली. मग चाकाची क्लिप. खालचा बारीक वॉशर वाटीत ठेवला, तो हरवला तर संपलंच. ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवर चाकाची कड फिरवत हलकेच घासली, फक्त चकाकी जाईपर्यंत. आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने रबर, पुली आणि थाळीची आतली कड पुसली. (लाखेच्या ७८ आरपीएमच्या रेकॉर्डला हे अल्कोहोल लावू नका, लाख विरघळते.) चाकाच्या आसावरचं गोठलेलं ग्रीस काढून शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. रबराला तेल अजिबात नाही. वाळल्यावर उलट क्रमाने जोडलं.

थाळीवर कागदाची खूण चिकटवून मोजलं: ६० सेकंदांत ४५ फेरे. मे महिन्यात आमच्याकडे पाराही तिथेच असतो.