दाराला मांजराची झडप बसवताना

मांजराला स्वतःहून ये-जा करता यावी म्हणून दारात छोटी लोंबती झडप बसवतात. तिच्यासाठी दाराला भोक पाडायला अर्धा-पाऊण तास पुरतो. ते कुठं, किती उंचीवर आणि केवढं पाडायचं, हे ठरवायला मात्र दोन-तीन दिवस घेतले तरी चालतील. चुकीच्या जागी पाडलेलं भोक नीट बुजत नाही, आणि बुजवलं तरी ते दारावर कायम दिसत राहतं. म्हणून जिगसॉच्या (अरुंद पात्याच्या विजेच्या करवतीच्या) आधी मोजपट्टी हातात घ्या.

आधी दार कशाचं आहे ते बघा

भरीव लाकडाचं किंवा भरीव फ्लश (दोन्हीकडून सपाट) दार असेल तर काम सरळ आहे. पॅनेलच्या दारात झडप पूर्णपणे पॅनेलच्या आत बसली पाहिजे. उभ्या-आडव्या पट्ट्यांना, विशेषतः त्यांच्या सांध्यांना, करवत लागता कामा नये. दार उभं राहतं ते त्या सांध्यांवर. ते कापले की थोड्याच दिवसांत दार लोंबून खाली घासायला लागतं. पॅनेल फार पातळ असेल तर झडपेचे आतले-बाहेरचे दोन भाग त्याला घट्ट पकडत नाहीत. अशा वेळी भोकाभोवती एका बाजूनं प्लायची चौकट चिकटवून जाडी वाढवावी.

पोकळ फ्लश दार बोटानं वाजवलं की लगेच कळतं. त्याच्या आत कागदी जाळी किंवा विरळ पट्ट्या असतात आणि दोन्ही बाजूंना पातळ प्लाय. त्यात नुसतं भोक पाडून स्क्रू आवळले तर प्लाय आत दबतो, चौकट वाकडी होते आणि झडप अडकते. भोक पाडल्यावर पोकळीच्या मापाच्या लाकडी पट्ट्या चारही कडांनी आत सरकवा, गोंदानं चिकटवा आणि रात्रभर क्लॅम्प लावून ठेवा. हे काम टाळावंसं वाटतं, पण पोकळ दारावरची झडप वर्षभरात खिळखिळी होते ती बहुतेक वेळा याच पट्ट्या नसल्यामुळे.

पीव्हीसीचं दार कापायला सोपं असतं. फक्त जिगसॉ मंद वेगानं चालवा. वेग जास्त झाला की प्लास्टिक वितळतं आणि ब्लेड पुढं गेल्यावर मागची फट पुन्हा चिकटते. लोखंडी दाराला धातूचं ब्लेड लागतं. कापल्यावर कडा कानशीनं घासायच्या आणि गंजरोधक प्रायमर लगेच लावायचा. पण मांजराच्या कातडीखाली बसवलेली मायक्रोचिप ओळखून उघडणारी झडप लोखंडी दारात बसवायची असेल तर आधी तिची माहितीपुस्तिका वाचा. भोवतीच्या धातूमुळे चिप वाचणाऱ्या अँटेनाला अडथळा येतो, म्हणून भोक बरंच मोठं पाडून मध्ये प्लास्टिकची किंवा लाकडाची चौकट घालावी लागते.

काच असेल तर हात आखडता घ्या. टफन्ड काच तयार झाल्यावर कापताच येत नाही. प्रयत्न केला तर तिचे क्षणात बारीक तुकडे होतात. दुहेरी काचेचा सीलबंद तावही नंतर कापता येत नाही. दोन्हींसाठी भोकासकट नवी काच करून घ्यावी लागते. साध्या एकेरी काचेत गोल भोक पाडता येतं, पण ते काचकाम करणाऱ्याकडूनच पाडून घ्या. सरकत्या दारासाठी वेगळा मार्ग आहे: सरकपट्टीत बसेल अशी उंच, अरुंद फळी घालायची आणि झडप त्या फळीत बसवायची. भाड्याच्या घरातही हेच सोयीचं पडतं, कारण जाताना फळी काढून नेता येते.

आग रोखण्यासाठी बसवलेलं दार मात्र अजिबात कापू नका. इमारतीच्या जिन्याकडे उघडणारं मुख्य दार बऱ्याचदा तसं असतं. त्याला भोक पाडलं की त्याचा उपयोगच संपतो. आणि झडप गॅलरीत उघडणार असेल तर गॅलरीला जाळी आधी, झडप नंतर.

कुठली झडप घ्यावी

घरातल्या घरात, म्हणजे लिटर बॉक्स ठेवलेल्या न्हाणीघराच्या किंवा कोठीच्या दाराला, चार स्थितींची कळ असलेली साधी झडप पुरते. दोन्हीकडून उघडी, फक्त आत येण्यासाठी, फक्त बाहेर जाण्यासाठी आणि पूर्ण बंद, अशा तिच्या चार स्थिती असतात. त्याहून महागडी झडप इथं घ्यायचं कारण नाही.

बाहेर उघडणाऱ्या दाराचं गणित वेगळं. परका बोका एकदा आत येऊन वाडग्यातलं खाऊन गेला की तो रोज येतो. पट्ट्यातल्या चुंबकानं उघडणारी झडप स्वस्त असते, पण तो चुंबक गळ्यात घेऊन मांजर हिंडलं की त्याला टाचण्या, चुका, बाटल्यांची झाकणं असं काय काय चिकटतं. शिवाय दुसऱ्या कुणाच्या मांजराच्या गळ्यातही तसाच चुंबक असू शकतो. मांजराच्या कातडीखाली १५ अंकी मायक्रोचिप असेल तर ती वाचणारी झडप सर्वांत भरवशाची. विकत घेण्याआधी एक बारकावा तपासा: ती चिप फक्त आत येताना वाचते की बाहेर जातानाही? काही मांजरांना बाहेर सोडायचं आणि काहींना नाही, असं असेल तर दोन्हीकडून वाचणारीच घ्यावी लागते.

खोक्यावर लिहिलेलं माप पुष्कळदा बाहेरच्या चौकटीचं असतं. आपल्याला हवं ते आतल्या मोकळ्या जागेचं. मांजराची सर्वांत रुंद जागा मोजा, त्यात २ ते ३ सेमी मिळवा. झडपेची रुंदी निदान तेवढी हवी. पिल्लासाठी घेत असाल तर ते पूर्ण वाढल्यावर केवढं होईल ते धरा. माप पटत नसेल तर पुठ्ठ्याच्या खोक्याला तेवढंच भोक पाडा आणि पलीकडे खाऊ ठेवा. मांजर अंग न आवळता गेलं तर माप बरोबर.

उंची आणि जागा

झडपेची खालची कड मांजराच्या पोटाच्या पातळीला हवी. मांजर सरळ उभं असताना जमिनीपासून पोटापर्यंतचं अंतर मोजा. मोठ्या मांजरात ते साधारण १२ ते १५ सेमी भरतं. कड याहून वर गेली की मांजराला उडी मारावी लागते, आणि म्हातारपणी सांधे दुखायला लागले की ते झडप वापरणंच सोडतं. फार खाली ठेवली तर पावसाचं पाणी आणि कचरा आत येतो.

सगळ्यात जास्त चूक इथंच होते: उंची आतून मोजली जाते आणि बाहेरची पायरी विसरली जाते. आत १२ सेमी आणि बाहेर पायरी १८ सेमी खाली असेल, तर बाहेरून येणाऱ्या मांजरासाठी ती कड ३० सेमीवर आहे. बाहेर एखादी विट किंवा न घसरणारी फळी ठेवून फरक भरून काढा. फळी झडपेच्या रुंदीपेक्षा ऐसपैस असावी, कारण आत शिरण्याआधी मांजर क्षणभर थबकतं आणि अंदाज घेतं.

आडव्या दिशेनं झडप शक्यतो बिजागरीच्या बाजूला घ्या, कडीकुलपापासून लांब. झडपेतून हात घालून कडीपर्यंत पोचता येता कामा नये. तरीही किल्ली दाराच्या कुलपातच अडकवून ठेवायची सवय सोडा.

कापणं आणि बसवणं

जमवायचं सामान: झडपेसोबतचा कागदी नमुना, मोजपट्टी, लेव्हल, पेन्सिल, कागदी चिकटपट्टी, ड्रिल आणि १२ मिमीचं बिट, स्क्रूंसाठी ५ किंवा ६ मिमीचं बिट, जिगसॉ, कानस, पॉलिश पेपर, हाती स्क्रू-ड्रायव्हर, लोखंड कापायची करवत, सिलिकॉन सीलंट, प्रायमर, डोळ्यांना चष्मा आणि नाकाला मास्क. कागदी नमुना स्वतः छापून काढला असेल तर पट्टीनं मोजून घ्या. पानावर मावावा म्हणून प्रिंटर तो गुपचूप लहान करतो.

दार उतरवून दोन स्टुलांवर आडवं ठेवता आलं तर उत्तम. उतरवायचं नसेल तर खाली पाचर मारून ते हलणार नाही असं करा.

नमुना चिकटवताना दाराच्या खालच्या कडेवर विसंबू नका. ती कड पुष्कळदा तिरकी रंधलेली असते. दार चौकटीत बंद असताना लेव्हल लावून आडवी रेघ मारा आणि नमुना त्या रेघेला धरा. झडप स्वतःच्या वजनानं लोंबते, त्यामुळे ती जराशी तिरकी बसली तरी एका बाजूला घासते. दार ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभं, आहे का तेही बघा. दारच कललेलं असेल तर झडप मधोमध थांबत नाही आणि तिला बंद धरणारा चौकटीतला खालचा चुंबक तिला पकडत नाही. तेव्हा आधी बिजागऱ्या सरळ करा.

रेघेवरून चिकटपट्टी लावून तिच्यावर पुन्हा आखा. जिगसॉच्या पायालाही पट्टी लावा, नाहीतर दारावर ओरखडे उठतात. जिगसॉचं साधं ब्लेड वर येताना कापतं, म्हणून ढलप्या वरच्या, म्हणजे तुमच्याकडच्या, बाजूला उडतात. दाराची जी बाजू कमी दिसते त्या बाजूनं कापा.

चारही कोपऱ्यांत, रेघेच्या आत, १२ मिमीची भोकं पाडा. बिटचं टोक पलीकडे डोकावलं की थांबा आणि उरलेलं पलीकडून पाडा. लाकूड फाटत नाही. आता एका कोपऱ्यातून ब्लेड घालून बाजू कापत चला. जाड दारात ब्लेड खाली वाकतं आणि मागची रेघ सरकते, म्हणून लांब, धारदार ब्लेड घ्या, जोर लावू नका आणि रेघेच्या आत १ मिमी सोडून कापा. उरलेलं कानशीनं काढता येतं. चौथी बाजू कापताना मधला तुकडा कुणीतरी धरून ठेवावा, नाहीतर तो खाली बसून ब्लेडला चिमटा घेतो.

झडप घालून बघा. ती हातानं, न ठोकता आत गेली पाहिजे. १-२ मिमी सैल असली तर चालतं. चौकटीची कड ते झाकते. मग झडप काढून कापलेल्या कडांना प्रायमरचे दोन हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. घाईत ही पायरी गाळली जाते, आणि पहिल्याच पावसाळ्यात प्लाय सुटतो किंवा एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) फुगून झडप आवळली जाते.

कळ किंवा बॅटरी असलेला भाग आतल्या बाजूला येतो. स्क्रूही आतूनच घाला, म्हणजे बाहेरून ते कुणाला काढता येणार नाहीत. स्क्रू लांब पडत असतील तर कापावे लागतात. कापण्याआधी त्यावर नट चढवा आणि कापून झाल्यावर तो नट फिरवून बाहेर काढा. बिघडलेले आटे आपोआप साफ होतात. आवळताना ड्रिल नको, हाती स्क्रू-ड्रायव्हरच. तिरप्या समोरासमोरच्या जोड्यांनी थोडं थोडं आवळत जा आणि चौकट दाराला टेकली की थांबा. पुढचा प्रत्येक पीळ प्लास्टिकला वाकवतो.

झडप मोकळी हलते याची खात्री झाल्यावरच बाहेरून वरच्या आणि दोन्ही उभ्या कडांना सीलंट भरा. खालची कड तशीच सोडा, म्हणजे आत गेलेलं पाणी वाटेनं निघून जातं. सीलंट वाळेपर्यंत मांजराला तिथं फिरकू देऊ नका.

मांजराला सवय

पहिले काही दिवस झडप पूर्ण वर उचलून चिकटपट्टीनं बांधा. मांजर बिनधास्त ये-जा करायला लागलं की ती अर्धी खाली आणा, मग दोन बोटांची फट, मग बंद. प्रत्येक पायरीला पलीकडून खाऊ दाखवा. मांजराला धरून झडपेतून ढकलू नका. एकदा घाबरलेलं मांजर आठवडाभर त्या दाराकडे बघत नाही. दोन-तीन आठवडे लागले तरी ते नेहमीचंच.

चिपच्या झडपेत मांजराची नोंद आधी करून घ्या आणि प्रत्येक मांजर एकेकटं न्या. कुलूप उघडताना होणारा खट् आवाज पुष्कळ मांजरांना दचकवतो, म्हणून सवय होईपर्यंत कुलूप बंदच न होणाऱ्या स्थितीत ती चालवा.

नंतर काही अडलं तर

झडप अर्धवट उघडी राहू लागली तर आधी खालच्या चुंबकाजवळचे केस आणि वाळू ओल्या कापडानं पुसा. वाऱ्यानं फटफट वाजत असेल तर कडेला ब्रशची पट्टी लावा. चिप वाचलीच जात नसेल तर बॅटऱ्या बदलून बघा. रिचार्जेबल बॅटरी १.५ ऐवजी १.२ व्होल्ट देते आणि काही झडपांना ते कमी पडतं, अल्कलाइन घाला. तरीही वाचत नसेल तर पशुवैद्याकडे स्कॅनर फिरवून घ्या. खांद्यांच्या मध्ये बसवलेली चिप कधीकधी सरकून बाजूला जाते, मग मांजर डोकं आत घालून कितीही वाट बघत बसलं तरी कुलूप उघडत नाही.